डेंजरपुढची ताटं

लॅब्राडॉर राखणीला ठेवणं म्हणजे दुकान सताड उघडं टाकून वर चोराला चहा पाजणं. डेंजर आला त्याच दिवशी मी हे ज्योतीराम काकांना सांगितलं होतं. पण तेव्हा मी सहावीत होते आणि मोठ्या माणसांसमोर माझा आवाज घशातच बसायचा, त्यामुळे ते फक्त मला आणि डेंजरला ऐकू आलं. आता मी नववीत आहे. यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत 'कुत्र्यांच्या जाती आणि त्यांची निगा' या विषयावर बोलले आणि पहिली आले. स्त्रीभ्रूणहत्या आणि मोबाईल शाप की वरदान, दोघांनाही मागे टाकून! तेव्हापासून मला कुणी थांबवूच शकत नाही. आई म्हणते, "वर्षे, कंपनीचा भोंगा तरी शिफ्टला वाजून गप बसतो गं."

ज्योतीराम काकांची फॅब्रिकेशनची शेड आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. ग्रिल, गेट, लोखंडी जिने. चिखलीत लोखंड रात्रीतून चालायला लागतं, म्हणून त्यांना एक दणकट कुत्रं हवं होतं. विकणाऱ्यानं लोण्याच्या रंगाचं गुबगुबीत पिल्लू हातात दिलं आणि म्हणाला, मोठं झालं की वाघ होतंय बघा. वाघ काही झाला नाही. शेवटी काकांनी मीटरच्या पेटीवर कवटीखाली लिहिलेलं नाव त्याला देऊन टाकलं, निदान नावाला तरी कुणी घाबरेल म्हणून.

कुणीही घाबरलं नाही. डेंजर भुंकायचासुद्धा शेपटी हलवत. कुरियरवाला, भंगारवाला, पाण्याचे जार टाकणारा, सगळे त्याचे पाहुणे. त्याचा काही दोष नाही, लॅब्राडॉरची घडणच तशी. थंड मुलखातल्या कोळ्यांबरोबर पाण्यात उड्या मारणारं कुत्रं ते. म्हणून अंगावर दुहेरी केस, म्हणून बोटांमध्ये पडदा, म्हणून माणसांचा एवढा लळा. उन्हाळ्यात काका त्याला न्हाव्याकडून भादरून आणणार होते. मी शेडच्या दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, काका, ते केस ऊनसुद्धा अडवतात, काढू नका, फक्त रोज विंचरा. त्यांनी ऐकलं! मग पत्र्याखाली ओलं गोणपाट आलं, कान पुसायला मऊ फडकं आलं, सकाळचा फेरफटका सुरू झाला. काकांना मूलबाळ नाही. डेंजरची नखं कापताना ते त्याच्याशी जे बोलायचे ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं त्यांचं आहे.

फक्त एका गोष्टीत काकांनी माझं कधी ऐकलं नाही. खाणं.

आपण जेवलो की पोटाकडून मेंदूला निरोप जातो, बास आता. पुष्कळ लॅब्राडॉरमध्ये हा निरोप नीट पोचतच नाही. त्यांना खरोखरच कायम भूक लागलेली असते. डेंजरनं वेल्डिंगचा हातमोजा खाल्ला होता. अगरबत्तीचा पुडा खाल्ला होता. एकदा आमच्या वरच्या मजल्यावरच्या शालनमावशींच्या मेसमधली कणकेची अख्खी परात चाटून स्वच्छ केली होती. शालनमावशी बीडकडच्या. एकटीनं कंपनीतल्या पोरांचे डबे करतात. त्या दिवशी जिन्यात उभ्या राहून त्या साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "एक दिवस औषधच घालते मुडद्याला!" तेव्हा सगळे हसले होते.

आता चंपाषष्ठीचं सांगते.

आमच्या गल्लीत साताऱ्याचे, सोलापूरचे, धाराशिवचे, सगळीकडचे लोक आहेत. कुणाचा खंडोबा जेजुरीचा, कुणाचा पालीचा, आमचा अणदूरचा. पण चंपाषष्ठीला सगळ्यांकडे एकच वास. चार महिने बंद असलेला कांदा आणि वांगं त्या दिवशी सुरू होतं. भरीत, पातीचा कांदा, लसूण, बाजरीचे रोडगे. आणि देवाला दाखवून झालं की पहिला घास कुत्र्याचा. खंडोबाचं कुत्रं ना ते. गावाकडे कुणाच्याही दारात कुत्रं असायचं, तिथे घास ठेवला की झालं. इथे गल्लीत तेव्हा दुसरी कुत्री ताटाला तोंड लावून निघून जायची. डेंजर मात्र शेवटच्या शितापर्यंत खायचा. वर पुन्हा तोंडाकडे बघायचा.

त्यातून एक समजूत तयार झाली. डेंजरनं ताट चाटूनपुसून खाल्लं की देवानं नवस घेतला. दोन वर्षांपूर्वी कुसुमताईंच्या ताटानंतर त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. गेल्या वर्षी आणखी एकाचा कंपनीत पर्मनंटचा कागद आला. झालं! यंदा पलीकडच्या गल्लीतूनसुद्धा बायका ताटं घेऊन आल्या. शेडसमोर रांग लागली. काकांनी डेंजरला आंघोळ घातली होती, कपाळाला भंडारा लावला होता. तो प्रत्येक ताटाला असा सामोरा जात होता, जणू सकाळपासून उपाशीच आहे.

माझे पप्पा चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत. दर काही महिन्यांनी त्यांना थोडे दिवस घरी बसवतात आणि पुन्हा नव्यानं घेतात, म्हणजे नोकरी जुनी होत नाही. जानेवारीत पर्मनंटची यादी लागणार होती. आईनं नवस बोलला होता. आमच्या भरितात तिनं पातीच्या कांद्याची अख्खी जुडी चिरली, वर कच्चा कांदाही घातला.

मी रांगेत म्हटलं. मोठ्यानंच म्हटलं. "काकू, कुत्र्याला कांदा चालत नाही. लसूण पण नाही. नुसता रोडगा द्या ना."

"आली मॅडम!" कुसुमताई म्हणाल्या. "भाषण तिकडं शाळेत कर बाई."

"देवाचं बाधत नसतंय," आई म्हणाली.

ज्योतीराम काका हसत होते. एवढ्या बायका त्यांच्या दारात कधी आल्या नव्हत्या. "वर्षाली, गेल्या वर्षी बी खाल्लं की त्यानं. काय झालं? काय बी न्हाई."

खरं होतं. गेल्या वर्षी काही झालं नव्हतं. तेव्हा ताटं थोडी होती, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. आणि आमचं ताट आलं तेव्हा आईनं हात जोडले होते, डोळे मिटले होते. डेंजरनं ते ताट इतकं चाटलं की ते फरशीवर सरकत सरकत काकांच्या पायापर्यंत गेलं. आईनं डोळे उघडले आणि ती हसली. तिला तसं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डेंजर नेहमीसारखाच होता. त्यानंतरच्या सकाळी त्यानं बिस्किटाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

लॅब्राडॉरनं खाणं नाकारलं की थट्टा संपते. काकांनाही ते कळलं. डेंजर गोणपाटावर आडवा पडून भराभरा श्वास घेत होता. बाहेर लोक जमले आणि कुणीतरी म्हणालं, "विष घातलं असंल."

एवढं पुरे झालं. प्रत्येकाला एकाच वेळी परातीची गोष्ट आठवली. शालन काय बोलली होती, जिन्यात, सगळ्यांसमोर! शिवाय तिनं चंपाषष्ठीला ताटसुद्धा आणलं नव्हतं. का आणलं नसेल? तिच्या घरी सुतक होतं हे कुणालाच आठवलं नाही.

काका हातात सळई घेऊन आमच्या जिन्याकडे गेले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बाळ्या बसलेला होता. बाळ्या म्हणजे गल्लीतलं तांबूस, उंच, गावठी कुत्रं. शालनमावशींच्या उरलेल्या पोळ्यांवर वाढलेलं. तो आडवा आला आणि भुंकला. काकांनी सळई घातली. मागच्या पायावर बसली ती. बाळ्या ओरडत, तीन पायांवर, भंगाराच्या गोदामांकडे पळाला. मग वर भांडी पडल्याचा आवाज आला. कणीक जिन्यावरून खाली घरंगळत आली.

"अन्नात विष घालीन मी?" शालनमावशींचा आवाज चिरकला होता. "लेकरं जेवायलेत माझ्या हातचं! काय बोलायलास रे तू, कुणाला बोलायलास!"

त्या दुपारी त्यांचा एकही डबा गेला नाही. विष हा शब्द कंपनीतल्या पोरांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

तो सगळा दिवस गल्लीनं डेंजरला विषावरचे उपाय केले. मिठाचं पाणी, मग तूप, मग ताक. मी शाळेतून आले तेव्हा तो शेडच्या कोपऱ्यात उभं राहायचा प्रयत्न करत होता. त्याच्या पायाखाली लघवी झाली होती. ती कोऱ्या चहासारखी होती, काळपट लाल. मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. तेव्हा कुठे मला कांदा आठवला.

"काका, डॉक्टर," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

थेरगावला डांगे चौकाच्या अलीकडे डॉक्टर मुमताज यांचा प्राण्यांचा दवाखाना आहे. टेम्पोच्या हौद्यात मी डेंजरचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत प्रत्येक खड्ड्याला काका मागे वळून बघत होते.

"काय खाल्लं यानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"विष, मॅडम. एका बाईनं घातलं."

"तुम्ही बघितलं?"

"बघायला कशाला पायजे?"

"कांदा," मी म्हटलं. "भरीत, पातीचा कांदा, लसूण. चंपाषष्ठीला."

"किती?"

"सगळ्या गल्लीचा."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी रक्त काढलं, यंत्रात घातलं, सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मग खुर्ची ओढून काकांसमोर बसल्या. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, त्या म्हणाल्या. एक-दोन दिवस बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र काम चालू असतं. त्याच दिवशी आणला असता तर ओकारी काढून मोकळे झालो असतो. सकाळी आणला असता तरी वेळ होता.

"सकाळी आमी..." काका म्हणाले.

"याला आता रक्त द्यावं लागेल. दुसऱ्या कुत्र्याचं. मोठं, तब्येतीनं चांगलं, लस टोचलेलं. तासा-दोन तासांत आणाल?"

आता मला कुत्री माहीत आहेत! दुसरं काय येतं मला? मी बोटांवर मोजायला लागले. सोसायटीतला पग, लहान. टॉवरमधला हस्की, अजून पिल्लू. रावेतला नानासाहेबांच्या बंगल्यावर रॉटवायलर, हत्तीएवढा. त्यांचं गेट काकांनीच बनवलेलं. काकांनी फोन स्पीकरवर लावला.

"ज्योतीराम, वाईट वाटलं रे ऐकून," नानासाहेब म्हणाले. "पण आमचा शोमध्ये उतरणारा कुत्रा आहे. त्याला सुया टोचून घ्यायच्या म्हणजे... समजून घे. दुसरं काही लागलं तर हक्कानं सांग हां."

काकांनी फोन खिशात टाकला. मग मी म्हटलं, "बाळ्या. गल्लीतलं कुत्रं."

डॉक्टरांनी विचारलं, "कानाला खाच आहे त्याच्या?"

"आहे."

"म्हणजे नसबंदी झालीय आणि लसही. अंगानं?"

"शालनमावशींच्या पोळ्या खातो, मॅडम. तुम्ही बघाल तेव्हा कळेल."

"गावठी कुत्र्याचं रक्त?" काका पुटपुटले. "लॅबला चालंल?"

"ते मी तपासते. तुम्ही फक्त आणा," डॉक्टर म्हणाल्या. डेंजरला लावलेल्या सलाईनच्या नळीकडे बघतच म्हणाल्या. "लवकर."

परत येताना मी पुढे बसले. काका सरळ रस्त्याकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "तुला हात लावू दील का गं तो?"

"नाही. तो एकाच माणसाकडे येतो."

ते कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

शालनमावशी दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. गॅस बंद. जिन्यावर कणीक वाळून पांढरी झाली होती. सळई घेऊन ज्या उंबऱ्यापर्यंत गेले होते तिथेच काका टोपी हातात घेऊन उभे राहिले. मग मीच सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाल्या ते, बाळ्याचं रक्त का लागणार ते.

"कांद्यानं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे मी न्हाई."

"तुम्ही नाही, मावशी."

"हे खाली जाऊन सांग आधी. सगळ्यायला सांग."

"बाई, चुकलं माझं," काका म्हणाले. "पाया पडतो. त्याला वाचवा, मग म्हणाल तिथं नाक घासतो."

शालनमावशींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण त्या उठल्या. गॅस पेटवला. एवढ्या घाईत मला ओरडावंसं वाटत होतं, मावशी, शिळी पोळी न्या ना! पण त्यांनी ताजी लाटली, भाजली, तूप लावलं. "त्या मुक्यानं माझं काय केलंय," एवढंच म्हणाल्या. डेंजरला म्हणाल्या की बाळ्याला, मला कळलं नाही.

गोदामांच्या मागे ड्रमच्या राशी आहेत. त्यांच्यामागे बाळ्या सापडला. मागचा पाय जमिनीला टेकत नव्हता.

"बाळ्या, ये रे राजा."

त्याची शेपटी हलली. खरंच हलली. मग त्यानं मावशींच्या मागे पाहिलं, तिथे काका उभे होते, आणि शेपटी थांबली. मी काकांना हातानं ढकललंच. ते टेम्पोत जाऊन बसले, काच वर केली, खाली वाकले. मोठा माणूस सीटखाली लपताना मी पहिल्यांदाच पाहिला.

मावशी एक पाऊल पुढे गेल्या. बाळ्या तेवढाच मागे गेला. त्या खाली बसल्या, पोळीचा तुकडा समोर ठेवला. तो मान लांब करून वास घेत राहिला. दुसरा तुकडा त्यांनी जवळ ठेवला, तिसरा मांडीवर. तो आला नाही. त्या गात असल्यासारख्या त्याच्याशी बोलत होत्या. त्याचे कान त्यांच्याकडे होते, पाय नव्हते.

मी भाषणात म्हटलं होतं, गावठी कुत्रं माणूस ओळखण्यात सगळ्या जातींपेक्षा हुशार असतं. हजारो वर्षं ते माणसाच्या कडेकडेनं जगलंय. या हातातून पोळी येणार की दगड, हे त्याला आधीच कळतं. त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

"माझ्या दारात मार खाल्लाय त्यानं," मावशी न वळता म्हणाल्या. "आता मी बी त्याच दारातली."

त्या पुढे सरकल्या. बाळ्या भिंतीच्या भगदाडातून पलीकडे गेला. आम्ही पलीकडे गेलो. तो आणखी पुढे. तीन पायांवर, पण आमच्यापेक्षा जोरात. मावशी धापा टाकत हाका मारत राहिल्या आणि मी पळत राहिले, चप्पल तुटली तरी पळत राहिले. शेवटी तो वाहत्या रस्त्याच्या पलीकडे एका ट्रकखाली शिरला आणि ट्रक निघून गेल्यावर तिथे नव्हता.

परत आले तेव्हा टेम्पोची काच खाली होती. काकांच्या हातात फोन होता.

"मॅडम म्हणाल्या, आता घाई करू नका," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डेंजरला शेडच्या मागे पुरलं. सगळी गल्ली आली. कुणी हार आणला, कुणी भंडारा उधळला. बायका रडत होत्या, आणि खोटं नाही, खरंच रडत होत्या.

"देवाचं कुत्रं देवानं नेलं," कुसुमताई म्हणाल्या. "आता त्या वरच्या बाईला कधी नेतो बघायचं."

मी काकांकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. पाया पडतो म्हणाले होते. ते फावड्यानं माती सारखी करत होते, झालेलीच पुन्हा पुन्हा.

"काका," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही.

"कांद्यानं मेला," मी म्हटलं. "डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलंय. विष नव्हतं. आपल्याच ताटांतला कांदा. शालनमावशींनी काहीही केलेलं नाही, उलट त्या..."

"गप गं!" कुणीतरी म्हणालं. "देवाच्या नैवेद्याला नाव ठेवते, केवढीशी पोर."

"काका, सांगा ना!"

काकांचं फावडं थांबलं. "व्हय," ते म्हणाले. इतक्या हळू की पुढच्या दोघीतिघींनाच ऐकू गेलं असेल. त्या एकमेकींकडे बघू लागल्या. मागच्या बायकांनी विचारलं, काय म्हणाला, आणि त्यांना कुणी सांगितलं नाही. आईनं माझा दंड धरला आणि घरी आणलं.

मला वाटलं, आता मार. पण तिनं दार लावलं आणि पाटावर बसली.

"माझ्या बी ताटानं?"

"सगळ्यांच्याच, आई."

"माझ्यात जास्त होता कांदा."

मी काही बोलले नाही. भोंगा म्हणणारी तीच, पण तिलाही कळलं की मी का बोलत नाही.

बाहेर लोक पांगल्याचे आवाज येत होते. वरच्या मजल्यावर काहीच आवाज नव्हता. पोळपाट-लाटण्याचा आवाज यायला हवा होता, त्या वेळेला रोज यायचा.

"पण चाटूनपुसून खाल्लं होतं ना त्यानं?" आई म्हणाली. "आपलं ताट?"

"हो."

"मग?"

मला आधी कळेना ती काय विचारतेय. मग कळलं. तिला विचारायचं होतं, की नवस पोचला का. ज्यानं खाल्लं तोच मेला, तर ते धरतात की नाही. मला कुत्र्यांच्या सगळ्या जाती येतात. कुणाला किती व्यायाम, कुणाचे कान कधी पुसायचे, कुणाला काय द्यायचं नाही, सगळं येतं.

"माहीत नाही, आई," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग टोपलीतून एक कांदा घेतला, विळी पुढे ओढली आणि चिरायला लागली. पप्पा फर्स्ट शिफ्टवरून यायचे होते आणि त्यांना भाजीत कांदा लागतो.